न्यूट्रलमधला पंखा

इंजिन बंद केलं की शांतता पसरते, असं शिडाच्या बोटीवर लिहिणारे बहुतेक सगळे लिहितात. ते पहिल्या काही मिनिटांपुरतं खरं आहे. स्टॉपची तार ओढली, दोन आचके देऊन डिझेलची धडधड थांबली, मेनसेल भरलं, जिबची दोरी विंचवर करकरत ताणली गेली, बोट एका कुशीवर कलली. इथवर शांतता. मग वेग चार नॉटच्या आसपास गेला की पायांखालून गुणगुण सुरू होते. ती आधी तळव्यांना कळते आणि मग कानांना. कॉकपिटच्या फळ्यांमधून वर येते, बाकावर टेकलेल्या पाठीत शिरते. नवखा पाहुणा हमखास विचारतो, "इंजिन चालूच राहिलं का हो?" इंजिन तर केव्हाच थंड पडायला लागलेलं असतं. फिरत असतो तो पंखा.

इंजिनच्या पाठीला गिअरबॉक्स. त्यातून निघालेला शाफ्ट बोटीच्या पोटातून तिरपा खाली जातो. जिथे तो बाहेर पडतो तिथे समुद्र आत येऊ नये म्हणून ग्लँड, तिच्यात ग्रीसमध्ये माखलेल्या पॅकिंगची वेटोळी. त्यापलीकडे रबराचं अस्तर असलेलं बेअरिंग, ज्याला वंगण म्हणून समुद्राचंच पाणी. आणि अगदी शेवटी, सुकाणूच्या पुढ्यात, काशाचा तीन पात्यांचा पंखा. गिअर न्यूट्रलमध्ये असला की इंजिन आणि शाफ्ट यांचं नातं तुटतं, पण शाफ्ट आणि समुद्र यांचं तुटत नाही. मघापर्यंत इंजिन पंख्याला फिरवत होतं आणि पंखा पाणी मागे लोटत होता. आता वारा शिडाला ओढतो, शीड बोटीला, बोट पंख्याला, आणि समोरून येणारं पाणी त्या पंख्याला फिरवतं. साखळी तीच, ओढणारा दुसऱ्या टोकाला गेला एवढंच. गंमत अशी की फिरण्याची दिशा बदलत नाही. इंजिन पुढे नेताना पंखा ज्या बाजूला फिरतो, त्याच बाजूला पाणीही त्याला फिरवतं.

ही बोट माझी एकट्याची नाही. अर्धी माझ्या मित्राची आहे. त्याची हयात मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. निवृत्तीनंतर त्याने शिडाची बोट घ्यायला होकार दिला तो, मला वाटतं, तिच्यातल्या दोन सिलिंडरच्या छोट्याशा यानमार इंजिनावर लोभ जडून. शिडं त्याला आवडतात, पण परक्याच्या मुलांसारखी. कौतुक करतो, जबाबदारी घेत नाही. ऑक्टोबरात पाऊस सरला की बोट पाण्यात उतरते आणि मे संपेपर्यंत मुंबईच्या गेटवेसमोरच्या मुरिंगवर डोलत असते. सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, बाहेर पडायला बरा. दुपारी तो मरतो, समुद्र काचेसारखा होतो, आणि मग वायव्येकडून दिवसाचा खरा वारा उठतो. त्या वाऱ्यावर मांडवा, थळ, खांदेरी असा फेरा मारायचा. आणि खांदेरीच्या दीपगृहापर्यंत पोचेतो आमचं त्या पंख्यावरून एकदा तरी वाजायचं, हा शिरस्ता.

त्याचं म्हणणं साधं आहे. जे यंत्र चालू नाही त्याचा एकही भाग फिरता कामा नये. फिरणं म्हणजे झीज. बेअरिंग झिजतं, पॅकिंग झिजतं, गिअरबॉक्समधली चाकं उगाच फिरतात. तेव्हा शाफ्ट थांबव, गिअर टाक आणि विषय संपव.

विषय तिथेच सुरू होतो. कोणता गिअर? आणि कुठल्या गिअरबॉक्समध्ये? मोठ्या हायड्रॉलिक गिअरबॉक्समध्ये क्लच तेलाच्या दाबाने पकडतो आणि तो दाब देणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे दाब नाही, दाब नाही म्हणजे पकड नाही. तिथे दांडा पुढे टाका, मागे टाका, शाफ्ट आपला फिरत राहतो. वर काळजी वेगळीच: पंप थांबल्यामुळे फिरणाऱ्या बेअरिंगना तेलही पोचत नाही. म्हणून तसल्या काही बोटींवर शाफ्टला खास ब्रेक बसवतात, किंवा दर काही तासांनी इंजिन थोडं चालवून सगळ्यांना तेल पाजतात. आमच्यासारख्या लहान, यांत्रिक गिअरबॉक्सची तऱ्हा निराळी. खालची चाकं तेलात बुडालेली असतात. शाफ्ट फिरला की तीच तेल उडवतात आणि स्वतःचं वंगण स्वतः करतात. असल्या गिअरबॉक्सला न्यूट्रलमध्ये फिरण्याचा त्रास नाही.

त्रास होतो तो थांबवण्याचा. आमच्या गिअरबॉक्समध्ये क्लच शंकूच्या आकाराचा आहे. एक शंकू दुसऱ्यात घुसून घर्षणाने पकड घेतो. शिडावर जाताना रिव्हर्स टाकला तर पाण्याचा पीळ त्या शंकूला आणखी आत रेटत राहतो. तासाभराने न्यूट्रलला यायला जावं तर दांडा जागचा हलत नाही. मग इंजिन गिअरमध्येच चालू करावं लागतं आणि बोट एकदम मागे हिसका खाते. ज्या बोटींवर न्यूट्रलशिवाय स्टार्टरच फिरत नाही, तिथे हाही उपाय उरत नाही. वेग वाढला की याहून वाईट घडू शकतं. पकड पूर्ण सुटत नाही, पूर्ण टिकतही नाही, शंकू घसरत घसरत गुळगुळीत होतो, आणि पुढे जेव्हा इंजिनची खरी गरज पडते तेव्हा क्लच पकडत नाही. म्हणून यानमारची सूचना अगदी स्पष्ट आहे: शिडावर जाताना गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. इंजिनरूममधल्या माणसाला कंपनीच्या पुस्तिकेपुढे बोलता येत नाही. त्यामुळे गिअरचा मुद्दा मित्राने सोडला. पण शाफ्ट बांधायचा मुद्दा सोडला नाही.

त्यासाठी त्याने हेलिकॉप्टर आणलं. इंजिन बंद पडलेलं हेलिकॉप्टर दगडासारखं कोसळत नाही. वरचा पंखा वाऱ्याने फिरत राहतो आणि यंत्र बऱ्यापैकी सावकाश उतरतं. माधवीलतेची तीन पंखांची फळं गरगरत खाली येतात तीही तशीच. न फिरणारं फळ लवकर पडेल. म्हणजे फिरणारा पंखा जास्त अडवतो, थांबलेला कमी. मग आपण फिरू देऊन वेग का घालवायचा? हा युक्तिवाद ऐकायला इतका सुरेख आहे की जगभरच्या बंदरांतून, बियरच्या ग्लासांवरून तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. त्यात खोट आहे ती पात्यांच्या तिरपेपणाची. तसं उतरताना हेलिकॉप्टरची पाती जवळजवळ सपाट ठेवलेली असतात. ती फिरली की जणू सबंध वर्तुळभर झाकण धरल्यासारखी हवा अडवतात. बोटीच्या पंख्याची पाती चांगली पिळलेली असतात. थांबवली तर ती पाण्याला छाती काढून आडवी येतात, पाणी त्यांच्या कडेने फाटतं आणि मागे भोवरे सुटतात. त्या भोवऱ्यांची किंमत वेगातून वळती होते. फिरू दिलं की पातं पाण्याच्या वाटेतून जागा काढत सरकतं, पाणी त्याला चिकटून वाहतं, भोवरे कमी होतात.

हे नुसतं वादापुरतं राहिलेलं नाही. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या मॅकेन्झी आणि फॉरेस्टर या दोघांनी शिडाच्या बोटींचे नेहमीचे पंखे पाण्याच्या टाकीतून ओढून मोजमाप केलं आणि २००८ साली ते प्रसिद्ध केलं. जखडलेल्या पंख्याचा अडथळा मोकळ्या पंख्यापेक्षा जास्त भरला. शाफ्टवरच्या घर्षणाचाही त्यात हिशेब आहे, आणि मला तो भाग जास्त आवडतो. पंखा मोकळा म्हणजे किती मोकळा? ग्लँड आवळून आवळून आपण त्याला कुरकुरत फिरायला लावलं, तर तो ना धड थांबलेला ना धड सुटलेला, आणि फायदा तेवढा कमी. मित्राला ग्लँड कोरडीठाक लागते. जुन्या तऱ्हेच्या पॅकिंगला शाफ्ट फिरताना थेंब थेंब पाणी गळावं लागतं; त्या थेंबांनीच ती थंड राहते. त्याच्या इंजिनरूममधल्या डोळ्यांना गळका थेंब म्हणजे निष्काळजीपणा. पाना घेऊन तो खाली जातो, मी पाठोपाठ जाऊन पाव फेरा सैल करतो. हे त्याला माहीत आहे.

आम्ही आमचीही परीक्षा करून पाहिली. जाड पट्टा शाफ्टभोवती गुंडाळून तो धरून बसला, मी जीपीएसकडे बघत राहिलो. मग सोडला. मग पुन्हा धरला. निष्कर्ष काहीच निघाला नाही, कारण मुंबई बंदरातल्या वाऱ्यात तीन मिनिटंही सारखेपणा नसतो. मध्येच मांडव्याची फेरी आडवी गेली आणि तिच्या लाटेने उरलासुरला प्रयोग धुऊन नेला. अशा गोष्टींना टाकी लागते, ग्लासगो लागतं.

पण हा झगडा आमच्या बोटीहून खूप जुना आहे. यंत्र आणि शीड एका तारवावर आली त्या दिवशीच तो जन्मला. १८१९ साली 'सव्हाना' नावाचं अमेरिकन जहाज वाफेचं यंत्र घेऊन अटलांटिकपार गेलं, पण प्रवासाचा बहुतेक भाग शिडांवरच झाला. त्याच्या दोन्ही कुशींची वल्हीचाकं घडी करून डेकवर उचलून ठेवता यायची, कारण शिडांवर जाताना पाण्यात लोंबकळणारं चाक म्हणजे नांगरच. पुढे चाक जाऊन पंखा आला, तरी दुखणं गेलं नाही. १८४५ साली फ्रँकलिनच्या आर्क्टिक मोहिमेवर निघालेल्या 'एरेबस' आणि 'टेरर' या जहाजांत रेल्वेची इंजिनं बसवली होती आणि पंखे वर ओढून घ्यायला लोखंडी विहिरी केल्या होत्या. १८६० सालच्या 'वॉरियर' या ब्रिटिश चिलखती युद्धनौकेवर तर प्रचंड पंखा शाफ्टपासून सोडवून, दोरखंड लावून, खलाशांचे तांडेच्या तांडे जुंपून जहाजाच्या पोटात उचलायचे. धुराडीही दुर्बिणीसारखी खाली बसायची. पुन्हा वाफेवर जायचं तर हुकूम सुटायचा: धुराडं वर, पंखा खाली! पोर्ट्समथला ते जहाज आजही उभं आहे. शाफ्टला पट्टा गुंडाळून बसलेल्या माझ्या मित्राला मी त्या खलाशांचा वंशज म्हणतो, आणि तो ते कौतुक समजून घेतो.

लहान बोटींनी आपापल्या खुब्या काढल्या. लांब कीलच्या जुन्या बोटींवर दोनच पात्यांचा पंखा असे, आणि तो कीलच्या जाड लाकडाच्या बरोबर मागे. शाफ्टवर रंगाची एक खूण केलेली. शिडं भरली की खाली उतरून हाताने शाफ्ट फिरवायचा, खूण वर आली की दोन्ही पाती उभी, लाकडाच्या आड लपलेली. तिथे अडकवून टाकायचा. इथे मात्र जखडणंच शहाणपणाचं, कारण लपलेल्या पंख्याला पाणी लागतच नाही. आमचा तीन पात्यांचा. तो कसाही धरला तरी दोन पाती बाहेर डोकावणारच.

शर्यतींवाल्यांनी मिटणारे पंखे आणले. इंजिन बंद झालं की पाती पाण्याच्या जोराने मागे मिटतात आणि अडथळा नावापुरता उरतो. मिटण्यासाठी शाफ्ट थांबावा लागतो, नाहीतर फिरण्याच्या जोराने पाती उघडीच राहतात. म्हणून तिथे पुष्कळदा बोट चालती असतानाच, इंजिन बंद करून, क्षणभर रिव्हर्स टाकतात. शिकवण पुन्हा उलटी! एका बोटीवर जे वर्ज्य, ते दुसरीवर रोजचं. मित्राचं मन या पंख्यांवर अधूनमधून जातं. मी किंमत सांगत नाही, बार्नॅकल दाखवतो. मुंबईच्या कोमट, गढूळ पाण्यात बोट मुरिंगवर नुसती उभी राहिली की पंख्यावर पांढऱ्या टणक कवचांचा थर चढतो. साध्या पंख्याला खरवडलं की झालं. बारीक दात आणि बिजागऱ्या असलेल्या पंख्यात तीच कवचं सांध्यांत बसली, तर ऐन धक्क्यापाशी एक पातं उघडायचं आणि दुसरं मिटलेलं राहायचं. थंड पाण्यातल्या बंदरांसाठी ते चांगले असतील. आमच्या खाडीत साधं, मुकाट फिरणारं कासंच बरं.

फिरणाऱ्या पंख्याविरुद्ध एक खरा मुद्दा आहे, आणि तो आम्हा दोघांच्या आधी बोटीवरच्या खलाशाने मांडला. खलाशी करंजा गावचा. बाप-आजे डोल जाळी लावणारे, म्हणून पाण्यात रोवलेला खांब त्याला आमच्या कितीतरी आधी दिसतो. थळच्या बाजूला डोल जाळी असतात, त्यांच्या दोऱ्या ओहोटीला पाण्याखाली जेमतेम हातभर. बंद इंजिनवर माणूस निर्धास्त असतो, पंखा फिरतोय हे विसरतो. थांबलेल्या पंख्याला दोरी लागली तर घसरून निघून जायची शक्यता असते. फिरणारा तिला सुतासारखी गुंडाळून घेतो. एका दुपारी तसंच झालं. खांदेरी मागे टाकून येत होतो, गुणगुण अचानक तुटली. ठोकर नाही, धक्का नाही. नुसता आवाज गेला आणि बोट जड झाली. खलाशाने शिडं सोडायला सांगितली, सुरी दातांत धरली आणि "साहेब, गिअरला हात लावू नका," असं बजावून उडी घेतली. पहिल्यांदा वर आला तो निळ्या नायलॉनचा गुंता घेऊन, दुसऱ्यांदा प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा. पिशव्या मुंबईच्या, दोरी कुणा कोळ्याची. दोरी त्याने फेकली नाही, सुकायला रेलिंगवर टाकली. दोरीचीही किंमत असते, असं तो मित्राकडे बघून म्हणाला. तेव्हापासून जाळ्यांच्या भागातून जाताना शाफ्टला पट्टा बांधतो, तो भाग ओलांडला की सोडतो. मित्राला यात आपला विजय दिसतो. मला त्यात फक्त खलाशाचा दिसतो.

पण मोकळ्या समुद्रात मला ती गुणगुण हवी असते, आणि ते नुसत्या अडथळ्याच्या हिशेबासाठी नाही. रत्नागिरीकडे रात्रीचं जाताना, पहारा संपवून मागच्या केबिनमध्ये आडवं झालं की डोक्याखाली फूट-दीड फुटावर शाफ्ट असतो. त्याचा सूर चढला की वारा वाढलाय. उतरला की वारा पडलाय, किंवा सुकाणूवरचा माणूस पेंगलाय. लाटेच्या उतारावरून बोट घसरली की सूर एकदम वर जातो, चढावर दमून खाली येतो. खालून एखादी कर्रकर्र यायला लागली तर रबराच्या बेअरिंगचे दिवस भरले. पडल्यापडल्या हे सगळं कळतं, डोळे न उघडता. मित्र म्हणतो, त्याला या आवाजाने झोप येत नाही. जन्मभर हजारो अश्वशक्तींच्या इंजिनांशेजारी घोरलेला माणूस हे म्हणतो! मी खोलात विचारलं तेव्हा त्याने सांगितलेलं कारण मला पटलं: जहाजावर यंत्र चालू असेल तर कुणीतरी त्याच्यापाशी जागं असतं. इथे यंत्र फिरतंय आणि त्याच्या पाळीवर कुणी नाही, हे त्याच्या अंगाला खपत नाही.

एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्यांच्या काही शर्यतींत हा प्रश्न शिशाने मिटवलेला असतो. फ्रान्समधल्या ले साब्ल दोलोन बंदरातून १९८९ पासून निघणाऱ्या 'वांदे ग्लोब'मध्ये सुटण्याआधी शाफ्टला सील ठोकतात. इंजिन बॅटरी भरायला चालवा, पण पंख्याने एक इंचही पुढे जायचं नाही. सील तुटलेलं दिसलं तर जाब द्यावा लागतो. अशा लांबच्या दर्यावर्दीपणाशी आपलंही नातं आहे. १९६८-६९ साली ३१२ दिवसांत एकट्याने, न थांबता जगाला पहिला वळसा घालणारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची बत्तीस फुटी 'सुहेली' मुंबईत बांधलेली, सागवानाची. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेल्या 'म्हादेई'ने दिलीप दोंदे यांना २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी यांना २०१२-१३ मध्ये जगाभोवती नेलं. दोंदे वाटेत चार बंदरांना थांबले, टॉमी कुठेच नाही. 'म्हादेई'च्या या सगळ्या खटाटोपामागे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचा ध्यास होता. या माणसांची पुस्तकं, मुलाखती मी वाचतो तेव्हा वादळांची वर्णनं भराभर उलटतो आणि इंजिन, बॅटऱ्या, ग्लँड यांच्यापाशी रेंगाळतो. दक्षिण महासागरात काय करायचं ते मला कधीच लागणार नाही. गळक्या ग्लँडचं लागेल.

अलीकडे मित्राच्या हाती नवं खूळ आलंय. डिझेल काढून विजेची मोटर बसवायची. शिडावर जाताना पाणी पंख्याला फिरवेल, पंखा मोटरला फिरवेल, मोटर जनित्र होऊन बॅटरी भरेल. म्हणजे ज्या फिरण्याला तो इतकी वर्षं झीज म्हणत आला, त्यालाच आता कमाई म्हणतो. वहीत त्याने वॅटचे रकाने आखलेत. बोट सहा-सात नॉट काढेल तेव्हाच काही मिळकत, खालच्या वेगाला जवळजवळ शून्य, हे त्याने स्वतःच प्रामाणिकपणे लिहिलंय. मी विचारलं, "आणि वेग किती जाईल?" वीज फुकट मिळत नाही, पंख्यावर भार टाकला की तो बोटीला मागे ओढणारच, मोकळ्या पंख्यापेक्षा जास्त.

"जाईल थोडा," तो म्हणाला.

"थोडा म्हणजे? गेली इतकी वर्षं तू थोड्यासाठीच भांडतोयस ना?"

त्याने वही मिटली, खाली गेला, आणि पान्याचा आवाज आला. ग्लँड आवळत होता.